परत फिरायचं कोणी ठरवायचं?

वाचकांचे प्रश्न : पावसाळी भटकंती

पाऊस सुरू झाला की या सदराला किल्ल्यांचा इतिहास कोणी विचारत नाही, सगळे धबधब्यांवर येतात. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकदोन उत्तरं लांबली, काहींना चार ओळी पुरल्या. नावं अर्थातच गाळली आहेत.

ताई, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जुलैत देवकुंडला जायचं म्हणते. इन्स्टाग्रामवरचा ग्रुप आहे, माणशी बाराशे रुपये, रात्री दादरहून बस, दुसऱ्या रात्री परत. "आई, लीडर सर्टिफाइड आहेत," एवढंच सांगते. नाही म्हटलं की अबोला. हो म्हणायच्या आधी मी काय काय विचारू?
— एक आई, डोंबिवली

आधी देवकुंडचं बघू. ते रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, भिऱ्याच्या धरणापासून आत. पावसाळ्यात तिथे जायला जिल्हा प्रशासन बऱ्याचदा मनाई करतं. पूर्वी असे आदेश कलम 144 खाली निघायचे. जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात आणि मोडले तर गुन्हा दाखल होऊ शकतो. तेव्हा पहिला फोन ग्रुपला नको, माणगावच्या तहसील कार्यालयात करा. त्या तारखांना आदेश लागू आहे का विचारा. मग तोच प्रश्न ग्रुपला. "हो, बंदी आहे, आम्ही बेत बदललाय," हे चांगलं उत्तर. "काकू, काळजी नको, आपली ओळख आहे, मागच्या वाटेने नेतो," असं ऐकू आलं तर लेकीचा अबोला पत्करा.

प्रमाणपत्र कसलं आहे, हेही विचारा. हिमालयातल्या संस्थांचा बेसिक कोर्स उत्तम असतो, पण बराचसा बर्फातला. सह्याद्रीतला ओढा अर्ध्या तासात कसा चढतो हे तिथे कोणी शिकवत नाही. मला त्यापेक्षा प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र बघायला आवडेल, आणि हा लीडर याच वाटेवर, भर पावसाळ्यात, आधी आला होता का हे ऐकायला. राज्य शासनाचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का विचारायला लाजू नका. नोंदणी असली म्हणजे सगळं आलबेल असं नाही, पण नाही म्हणताना माणूस किती चिडतो यावरून बरंच कळतं.

माणसं किती आणि लीडर किती? माझा हिशेब दहांमागे एक, आणि ओळीचं शेवटचं टोक कधीही रिकामं नको. मागचा लीडर हा सगळ्यांत अनुभवी हवा. होतं उलटंच. पुढे वाट दाखवत पळणारा अनुभवी असतो आणि मागे दमलेल्यांबरोबर गेल्या महिन्यात ग्रुपमध्ये आलेला एखादा पोरगा. बसमध्ये पंचेचाळीस आणि लीडर तीन असतील तर ती सहल आहे, तिला ट्रेक म्हणू नये. गावातला वाटाड्या बरोबर असणार का, हेही विचारा. भिऱ्याच्या बाजूची पोरं त्या ओढ्यांना नावानिशी ओळखतात.

रात्रीच्या बसबद्दल फारसं कोणी विचारत नाही म्हणून मी विचारते. अकराला निघालेली बस पहाटे पायथ्याशी पोचते, वाटेत लीडरने अंताक्षरी घेतलेली असते, आणि सकाळी हाच न झोपलेला मुलगा चाळीस जणांना घेऊन पाण्यात उतरणार असतो. परतीला तोच ड्रायव्हर. लीडर झोपतो कधी, ड्रायव्हर झोपतो कुठे?

शेवटचा प्रश्न मुलीलाच विचारायला लावा, ट्रेक तिचा आहे. "ओढा ओलांडता आला नाही तर काय करणार?" या प्रश्नाला ज्याच्याकडे तयार उत्तर आहे, परत फिरायची वेळ, दुसरी वाट, पायथ्याशी थांबायचं घर, त्याच्याबरोबर पाठवा. "तसं कधी होत नाही," म्हणणाऱ्याबरोबर नको.

आणि धबधब्याखालच्या डोहात उतरायचं नाही, ग्रुपने परवानगी दिली तरी. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते. त्या फेसाळ पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. खालचं पाणी फिरून पुन्हा धारेखालीच ओढतं. वरून दगड येतो तो धारेत दिसत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांना हे जास्त नडतं, कारण न पोहणारे मुळात उतरतच नाहीत.

कर्जतच्या बाजूला एका धबधब्याला गेलो होतो. पाऊस सकाळीच थांबला होता, चक्क ऊन पडलं होतं. धबधबा वीस मिनिटांवर असताना लीडरने एका ओढ्यापाशी सगळ्यांना थांबवलं आणि मागे फिरवलं. ओढ्याला जेमतेम गुडघाभर पाणी. दोर होता त्यांच्याकडे, तो बांधून नेता आलं असतं. पैसे परत मागितले तर "सेफ्टी फर्स्ट" म्हणाले. मी एक स्टार दिला. माझं काय चुकलं?
— एक नाराज ट्रेकर, ठाणे

अरे, ऊन तुझ्या डोक्यावर होतं. ओढ्याचं पाणी वरच्या पठारावरून येतं, आणि तिथे काय चाललंय ते तुला खालून दिसत नाही. जुलैपर्यंत सह्याद्रीची माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, तिच्याखाली काळा कातळ. वर एक जोरदार सर झाली की ते सगळं पाणी घळीतून सरळ खाली सुटतं. मुरायला जागाच नसते.

तुझ्या लीडरने काय पाहिलं असेल ते सांगते, कारण मी असते तर हेच पाहिलं असतं. स्वच्छ पाण्याला आधी गढूळ छटा येते, बिनदुधाच्या चहासारखी. मग पानं, काटक्या, गवताचे पुंजके वाहत येतात. म्हणजे वर कुठेतरी आतापर्यंत कोरडे असलेले काठ पाण्याखाली गेले. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमायला लागतं, कारण तळाचे दगड हलायला लागलेले असतात. चांगला लीडर ओढ्याशी पोचला की काठावरचा एक दगड नजरेत धरून ठेवतो, आणि लोक पाणी पीत, फोटो काढत असताना अधूनमधून त्याच्याकडे बघतो. दगडाचा माथा भिजायला लागला की निर्णय झालेला असतो. तो ओरडून सांगत नाही, कारण सांगितलं की निम्मे लोक "पटकन जाऊन येऊ" म्हणतात.

गुडघाभर पाण्याचं म्हणतोस. खोलीपेक्षा वेग वाईट. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणी धावतं असेल आणि तळ शेवाळलेला असेल, तर जवान माणूस आडवा होतो. शिवाय जाताना गुडघ्याला लागलेलं पाणी येताना कमरेला लागणार होतं, आणि मधल्या वेळात तुम्ही सगळे पलीकडे अडकणार होतात, अंधार पडेपर्यंत किंवा पाणी उतरेपर्यंत. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. ती पाण्यात उतरली तेव्हा पाणी खेळण्याइतकंच होतं.

दोराबद्दल तर हा गैरसमज सगळीकडे आहे. वाहत्या पाण्यात माणसाला दोराने बांधणं ही सगळ्यांत वाईट युक्ती. पाय सुटला की दोर त्याला जागेवर धरतो आणि पाणी वरून दाबतं, तो वर येऊच शकत नाही. दोर हाताने धरायला असतो, आणि तोही काटकोनात ताणायचा नसतो, प्रवाहाच्या दिशेने तिरका बांधायचा, म्हणजे सुटलेला माणूस पलीकडच्या काठाकडे सरकतो. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलास तर सॅक फेकता यावी म्हणून. तोंड वरच्या बाजूला, काठी पुढे, एका वेळी एकच पाय. एवढं सगळं चाळीस नवख्यांकडून चढत्या पाण्यात करून घ्यायचं म्हणतोस?

पैशांचं. बस, नाश्ता, वाटाड्या, सगळं खर्च झालेलं होतं. अर्धवट ट्रेकचं काय करणार हे ग्रुपने आधी लिहून दिलेलं असेल तर त्याप्रमाणे भांडून घे, पुढच्या तारखेला सवलत मागायलाही हरकत नाही. पण तू पैसे धबधब्याचे दिले नव्हतेस. धबधबा फुकट आहे. तू पैसे दिले होतेस ते तुला थांबवू शकेल अशा माणसाचे, आणि त्याने ते काम बसमधल्या सगळ्यांचा राग ओढवून केलं. तो एक स्टार काढून टाक, पाच नको देऊस हवं तर.

ऑरेंज अलर्ट असला तरी आमचा ग्रुप "हीच तर मजा" म्हणून निघतो. अलर्ट किती गंभीरपणे घ्यायचा?
— पिंपरी

हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार आणि त्याच्यावर अत्यंत जोरदार. रेड अलर्ट साधारण या शेवटच्या पायरीला येतो. रेडला घरी बसायचं, यात चर्चा नाही. ऑरेंजला ओढे ओलांडावे लागणारा, घळीतून किंवा धबधब्याच्या पायाशी जाणारा कुठलाही बेत रद्द. मळलेल्या वाटेचा, ओढे नसलेला सोपा किल्ला असेल तर जाणकार लीडर सकाळचा अंदाज बघून ठरवू शकतो. एक गोष्ट बरेच जण विसरतात. पुणे शहराचा अंदाज बघून मुळशी-ताम्हिणीला जाऊ नका. खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. शहरात छत्रीही लागत नाही तेव्हा घाटात झोडपत असतं.

भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीचा ट्रेक पावसाळ्यात कोणी विकत असेल तर त्या ग्रुपचा नंबरच डिलीट करा. ती दरी म्हणजे पाण्याचीच वाट आहे, पाऊस पूर्ण सरल्यावर जायची जागा.

वय 54, आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. ऑफिसच्या ग्रुपबरोबर ऑगस्टमध्ये कळसूबाई ठरलंय. तरुण मुलं म्हणतात, "सर, आम्ही आहोत." जाऊ का?
— पुणे

जा, पण मुलांच्या भरवशावर नको. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि बारी गावातून आठशे मीटरच्या वर चढायचं आहे. वाट चुकण्यासारखी नाही, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. दम तिथे शिड्यांपेक्षा पायऱ्या-पायऱ्यांच्या सलग चढाने जातो, आणि गुडघे उतरताना बोलतात. ऑगस्टात माथ्यावर ढगात उभं राहून समोरचा माणूसही धड दिसत नाही, तेव्हा देखाव्याच्या आशेने जाऊ नका.

तुम्ही पुण्यात आहात, म्हणजे परीक्षा घराजवळ आहे. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, पाठीवर तीन-चार किलो घेऊन, आठवड्यातून एकदा. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की हळू व्हा. महिना-दीड महिना असं जमलं तर कळसूबाई जमेल.

गोळ्यांची मात्रा त्या दिवशी तीच ठेवायची का हे डॉक्टरांना आधी विचारा. एवढ्या चढाने साखर झपकन उतरू शकते, आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं याला बरोबरचे लोक "दमलेत सर" समजतात. म्हणून निदान दोन सहकाऱ्यांना आणि लीडरला मधुमेह आहे हे स्पष्ट सांगा. ग्लुकोजची पुडी सॅकच्या तळाशी नको, खिशात हवी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. उपास धरून चढू नका, त्या दिवशी श्रावणी सोमवार असला तरी. संध्याकाळी पायमोजे काढले की तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा. मधुमेहात फोड आलेला कळतही नाही आणि ओल्या बुटात तो चिघळतो.

रविवार टाळता आला तर टाळा. शिड्यांवर रांग लागते, आणि ओल्या शिडीवर वरच्याची टाच आपल्या बोटांवर येत असताना ताटकळण्यात काहीच गंमत नाही.

जळवांवर उपाय?
— सांगली

लोहगड-राजमाचीकडे फारसा त्रास नाही. कोयना, चांदोली, आंबोलीला भरपूर. पँट मोज्यात खोचा, मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. धो धो पावसात ते धुऊन जातं, पुन्हा लावावं लागतं. चिकटलीच तर नखाने तिचं निमुळतं टोक आधी सरकवा, मग दुसरं. काडी पेटवून भाजू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

बायकांच्या सोयीबद्दल कोणी लिहीत नाही. दिवसभराच्या ट्रेकला शौचाला कुठे जायचं? पाळी आली तर?
— नाशिक

कोणी लिहीत नाही म्हणून बायका पाणी पिणं बंद करतात, आणि मग दुपारी पायात गोळे येतात. पावसात घाम कळत नाही, पण जातोच. पाणी प्या.

पायथ्याशी ज्या घरी नाश्ता असतो तिथलं स्वच्छतागृह वापरता येईल का, हे ग्रुपला नाव नोंदवतानाच विचारा. बाई लीडर आहे का, हेही तेव्हाच. मी बाई लीडर नसलेल्या मिश्र ग्रुपमध्ये एकट्या मुलीला पाठवणार नाही. वर गेल्यावर पाँचो कामाला येतो, रेनकोट नव्हे. घेरदार पाँचो घातला की आडोसा आपल्याबरोबरच चालतो. वाटेपासून बाजूला, ओढ्यापासून चांगलं लांब, आणि मैत्रीण किंवा लीडरला सांगून, कारण धुक्यात वीस पावलांवर माणूस हरवतो.

पाळीत ट्रेक करायला काही हरकत नाही, दुखत नसेल तर. भिजलेलं पॅड मांड्या सोलून काढतं, जास्तीची सोबत ठेवा. कपची सवय असेल तर उत्तम, पण ट्रेकच्या दिवशी पहिला प्रयोग नको. वापरलेलं पॅड कागदात, मग जाड पिशवीत, आणि घरी परत. कपारीत खोचलेली पॅड मी गोळा केली आहेत. माझं मत त्याबद्दल छापण्यासारखं नाही.

वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? आणि जीन्स चालेल ना?
— एक नवशिका, छत्रपती संभाजीनगर

वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून, घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. पाणी निथळणारे, खोल खाचांचा मऊ रबरी तळ असलेले बूट बघा. आधी चार दिवस घालून फिरा. जीन्स नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. भिजली की जड होते, पाय उचलत नाही आणि वाळत नाही. माथ्यावर वारा सुटला की ओल्या सुती कपड्यांत माणूस जुलैमध्येही गारठतो. थरथर, मग बोलणं अडखळतं, मग पाय. असं कोणी दिसलं तर वाऱ्याच्या आडोशाला नेऊन कोरडे कपडे चढवा, गोड गरम पाजा. म्हणून कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत सॅकमध्ये हवा, बसमध्ये नव्हे. गारठलेल्याला दारूचा घोट देणारे महाभाग असतात, त्यांना लांब ठेवा. खरं तर दारू घेऊन येणाऱ्यांना बसमध्येच चढू देऊ नये.

आमचं गाव गडाच्या पायथ्याला आहे. शनिवारी रात्री दोन वाजल्यापासून बसा येतात, गाणी लावतात, दारात लघवी करतात. आवणी चालू असते तर बांध सोडून वावरातून चालतात, लावलेलं भात तुडवतात. गावाला मिळतं काय, तर चहाचे पैसे. गावाने काही नियम करता येतील का? पोरं वाटाडे म्हणून तयार करायची आहेत.
— अकोले तालुका

दादा, तुमचं पत्र सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण वरच्या सगळ्यांनी ते वाचावं.

वाट वनजमिनीतून जात असेल तर गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का बघा, नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. समितीमार्फत प्रवेश शुल्क आणि नोंदवही ठेवणारी गावं राज्यात आहेत. नुसती ग्रामपंचायतीची पावती छापली तर उद्या कोणीतरी वाद घालतो, म्हणून वनखातं बरोबर घ्या. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्यालाही कळवा. नोंदवहीत वर गेलेल्यांची संख्या, लीडरचा फोन आणि परतीची वेळ एवढं तरी हवंच. संध्याकाळी किती जण उतरले नाहीत हे कळणारी ती एकच जागा असते.

गाड्या गावाबाहेर थांबवायची जागा ठरवा, आणि वावरातून न जाणारी वाट दगडांना चुना फासून दाखवा. शहरातल्या पोराला बांध आणि वाट यातला फरक कळत नाही, आणि लावलेलं भात त्याला गवतच वाटतं. नुकसानभरपाईची रक्कम ग्रामसभेत ठरवा आणि ग्रुपांना आधीच कळवा. मोठ्या ग्रुपांनी ती मुकाट द्यावी. एक चूड मोडली तर त्या जागी पुन्हा रोप लावायला कोणाची तरी कंबर वाकते.

वाटाड्यांसाठी: वाट तुमच्या पोरांना येतेच, ती शिकवायला कोणी नको. शिकायचं ते प्रथमोपचार आणि दोरकाम. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाला किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या बचावाचं काम करणाऱ्या संस्थेला पत्र लिहा. दर गावाने एकच ठरवावा, नाहीतर पोरं आपसात शंभर-शंभर रुपयांनी पाडतात. आणि वाटाड्याने "आज नको" म्हटलं तर ग्रुप वर जाणार नाही, पण वाटाड्याचे पैसे मात्र पूर्ण द्यायचे, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पैसे बुडणार असतील तर कुठलाही पोरगा नको म्हणणार नाही.

आणखी एक, हे ग्रुपांपेक्षा तुमच्यासाठी. जुलै 2014 मध्ये माळीण, जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही डोंगराच्या पायाशी, दोन्ही मुसळधार पावसात. वरच्या उतारावर भेगा पडल्या, झाडं किंवा खांब कलले, नेहमीच्या झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी यायला लागलं किंवा नवीनच ठिकाणी पाणी फुटलं, तर तलाठ्याला त्याच दिवशी कळवा आणि त्या रात्री त्या बाजूच्या घरांत कोणी झोपू नका. रेड अलर्टच्या रात्री मुक्कामी ग्रुप घेऊच नका, कितीही जुनी ओळख असली तरी.